भिंती शेवटी

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. इंदूरला सुदामा नगरातल्या नव्या घरातली पहिली दिवाळी, आणि पुण्याहून आई-बाबा, आजी, ताई, भाऊजी आणि छोटा भाचा असे सगळे येणार, हे वाचून फार बरं वाटलं. सोबत कामांची यादी पाठवलीस आणि हॉलला कोणता रंग द्यावा असं विचारलंस. रंगाचंही सांगतो. पण तुझ्या यादीत फॉल्स सीलिंग आहे, पडदे आहेत, गच्चीवरच्या दिव्यांच्या माळा आहेत, आणि आजी आंघोळ कुठे नि कशी करणार हे मात्र कुठेच नाही. म्हणून माझं ऐकशील तर यादी खालून वर वाच. पाहुणा झोपेल कुठे, आंघोळ करेल कुठे, रात्री उठला तर त्याचा पाय कशावर पडेल, इथून सुरुवात कर. भिंती शेवटी.

भिंती शेवटी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या माळव्याच्या जमिनीत आहे. तू आजवर फ्लॅटमध्ये राहिलास, त्यामुळे घराखालच्या मातीशी तुझा संबंध आला नाही. इथली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि पाऊस गेला की आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तू पाहिल्या असशील. तीच माती तुझ्या पायाखाली आहे. घराच्या कडेची माती आधी सुकते, मधली ओली राहते, त्यामुळे कोपरे जरासे खचतात आणि दारा-खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघतात. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या मिलच्या झांक्या निघून गेल्या, नवरात्र आलं, की हे आकसणं सुरू होतं आणि ते थेट पुढच्या पावसापर्यंत चालू राहतं. आता घाईघाईनं सिमेंट कोंबून बुजवलेला तडा होळीपर्यंत पुन्हा तोंड उघडतो. मिस्त्री तुला हे सांगणार नाही. त्याला दिवाळीच्या आत चार घरं उरकायची असतात.

तेव्हा तडा बुजवायच्या आधी पेन्सिल घे. तडा जिथे संपतो तिथे आडवी रेघ मार, शेजारी तारीख लिही. महिन्या-दीड महिन्यानं पाहा, रेघेच्या पुढे गेला का. केसाएवढा बारीक असेल तर काळजी करू नकोस. रुपयाचं नाणं आत शिरू लागलं तर मला दाखव. दिवाळीपुरता डोळ्यांना खुपत असेल तर ॲक्रिलिकचं लवचिक क्रॅक-फिलर भर, ते थोडंफार हलणं सोसतं. आणि खरा इलाज भिंतीच्या बाहेर आहे: गच्चीच्या पाइपाचं पाणी थेट पायाशी पडतंय, ते नालीपर्यंत ने. भिंतीला लागून मागच्या मालकानं केलेला फुलझाडांचा वाफाही तिथून हलव. पायाजवळ एका बाजूला रोज पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, असं असलं की ही माती घराला सुखानं उभं राहू देत नाही.

पश्चिमेकडच्या भिंतीवर पांढरी पावडर आलीय म्हणतोस, तो लोणा. तो पाण्यानं धुऊ नकोस, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशनं झाड आणि गोळा करून बाहेर टाक. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून त्या भिंतीवर चिकटव आणि दुसऱ्या दिवशी काढून बघ. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. नवीन गिलाव्याचंही तसंच. गिलावा पुरता पिकायला २८ दिवस लागतात, आणि दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन असतं २० दिवसांवर. म्हणजे दसऱ्यानंतर केलेल्या गिलाव्यावर दिवाळीचा रंग बसतच नाही, हे साधं गणित आहे. तरी दर वर्षी इंदूरभर लोक तेच करतात आणि मग रंगाच्या कंपनीला दोष देतात.

त्या भिंतीला यंदा चुना लाव. नव्या गिलाव्यालाही चुना चालतो, आणि चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. चुन्याची कळी आण. एका किलोला पाचेक लिटर पाणी धर आणि पाण्यात कळी हळूहळू सोड. कळीवर पाणी ओतायचं नाही, ती उसळते. भांडं लोखंडी घे, प्लास्टिकची बादली त्या उष्णतेनं वाकते. डोळ्यांवर चष्मा हवाच. फसफस थांबली की दिवसभर मुरू दे, मग फडक्यातून गाळ, भिजवलेला डिंक घाल आणि चिमूटभर नीळ. पहिला हात लावल्यावर भिंत मळकट, पाणचट दिसेल. सूनबाई निराश होईल, तिला आधीच सांगून ठेव. वाळली की तीच भिंत पांढरीशुभ्र होते. तीन हात दे, पातळ दे, एकाआड एक उभा-आडवा.

हॉलच्या भिंती कोरड्या असतील तर तिथे खुशाल रंग दे. तुझा हॉल उत्तरेकडचा, ऊन येत नाही. करडा आणि निळसर रंग तिथे उदास दिसेल. मलईसारखा फिकट पिवळसर घे. फॉल्स सीलिंग यंदा नको. गच्ची गळते की नाही हे कळल्याशिवाय छत झाकायचं म्हणजे दुखणं झाकायचं.

आणि ते कळून घ्यायला आत्ताचाच काळ उत्तम, बोरिंगला पाणी भरपूर आहे. गच्चीच्या पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसव आणि इंचभर पाणी भर. इंचभरच, जास्त नको. एवढ्यानंच चौरस मीटरला २५ किलो वजन पडतं आणि तुझा स्लॅब जुना आहे. पूर्ण एक दिवस ठेव आणि खालून प्रत्येक खोलीचं छत बॅटरीच्या उजेडात नीट पाहा, विशेषतः पंख्याच्या हुकाभोवती आणि भिंतीच्या सांध्याला. नंतर ते पाणी बादल्यांनी कुंड्यांना घाल. कठड्याच्या फटीत पिंपळ उगवलाय तो वरून कापून उपयोग नाही, मुळासकट काढ आणि फट बुजव. नाही तर दोन पावसांत तो कठडा उचलतो.

आता पाणी. आपल्याकडे नर्मदा येते जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून, निमाडातून घाट चढून. बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड असतो. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं धरतात. तुम्ही दोघं आणि पाहुणे मिळून आठ माणसं, दोन दिवसांचं झालं २१६० लिटर. तुझी वरची टाकी १००० लिटरची. म्हणजे उरलेलं हौदात हवं, आणि हौद तू घर घेतल्यापासून उघडलेला नाहीस. तो या आठवड्यात उपसून घासून घे. त्याचा फ्लोट, मोटर, झाकण सगळं तपास. नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणं अंगाला लावून आजी बसली आहे आणि नळाला पाणी नाही, ही वेळ येऊ देऊ नकोस.

आजीची खोली खालचीच असू दे, जिना नको. न्हाणीघरात स्टीलचा पक्का धरायचा बार लाव. तो फक्त टाइलला अडकवायचा नसतो, मागच्या विटेत अँकर जायला हवा. लावल्यावर तू स्वतः पूर्ण वजनानं लटकून बघ. बसायला स्टूल ठेव, पायाखाली रबरी मॅट, आणि खोलीपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा लहान दिवा. गीझरची वायरिंग जुनी आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घे आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घे. दिवाळीच्या माळा त्यानंतर. हा खर्च कोणाला दिसणार नाही, फोटोत येणार नाही. तरी मला विचारशील तर पडद्यांचे पैसे यात घाल.

रजया लगेच बाहेर काढ. ऑक्टोबरात दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो. एवढं कडक आणि कोरडं ऊन पुन्हा फाल्गुनापर्यंत मिळणार नाही. दोन्ही बाजूंनी दोन-दोन दिवस ऊन दाखव. कापसाच्या गाठी झाल्या असतील तर नवी रजई विकत घेऊ नकोस, पिंजाऱ्याकडे दे. पण दसऱ्याच्या आधी दे, नंतर त्याच्याकडे रांग लागते. माळव्याची रात्र पूर्वीपासून नावाजलेली आहे, आणि दिवाळीत तिचा गारवा पहाटे चारच्या सुमाराला अंगावर येतो, पाहुणे गाढ झोपेत असताना. प्रत्येकाच्या उशाशी जाड पांघरूण झोपतानाच ठेव. मागायला लागू नये. पाहुणा रात्री उठून मागत नाही, कुडकुडत पडून राहतो.

आता एक युक्ती सांगतो, ती माझ्या बायकोची. कोजागिरीला गच्चीवर शेजारच्या आठ-दहा जणांना बोलाव. दूध आटव, केशर-वेलची-चारोळी घाल, भेळ कर. कोजागिरीनंतर लक्ष्मीपूजनाला पंधरा दिवस असतात. त्या एका संध्याकाळी तुला सगळं कळेल: पेले किती कमी पडतात, जिन्यातला दिवा कुठे लागत नाही, चपला कुठे साठतात, मोठ्या भांड्याला गॅस पुरतो का, पंधरा जणांत सिंकची नाली तुंबते का. कळल्यावर दुरुस्तीला पंधरा दिवस हातात असतात. शिवाय शेजार जोडला जातो, आणि दिवाळीत एक जास्तीची गादी किंवा मोठं पातेलं लागलं तर दार ठोठावता येतं.

जेवणाखाण्याचं सूनबाईवर आणि तुझ्यावर सारखंच आहे, एवढं बोलून ठेवतो. गाडीतून उतरून येतील त्या सकाळी पोहे घरी कर, आपल्याकडचे: बडीशेप घातलेले, वाफेवर मऊ ठेवलेले, वरून शेव, कच्चा कांदा, जिरावण मसाला. जलेबी कोपऱ्यावरून आण, ती घरी जमवायच्या भानगडीत पडू नकोस. सराफ्यात, सोनारांच्या पेठेत रात्री भरणाऱ्या खाऊबाजारात, न्यायचं असेल तर धनत्रयोदशी टाळ. त्या दिवशी सोन्याची दुकानंच उशिरापर्यंत उघडी असतात आणि त्यांच्यापुढे खाण्याची दुकानं लागायला रात्र होते. आजीला तिथे नेऊ नकोस, बसायला जागा नसते. तिच्यासाठी भुट्ट्याचा कीस घरी कर. कोवळी कणसं किसायची, तुपात मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी, कीस घालून मंद आचेवर परतायचा आणि मग थोडं थोडं दूध घालत राहायचं. दूध आटलं, कडेनं तूप सुटायला लागलं की झाला. घाई केली तर कच्चट लागतो. अर्धा तास शेगडीपाशी उभं राहायची तयारी ठेव. उतरवताना लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. दात नसलेल्या माणसालाही खाता येतो.

आणि फराळ सगळा करून ठेवू नकोस. करंज्यांचं सारण तयार ठेव, पण करंज्या आई आणि ताई आल्यावर एकत्र करा. तुझी आई तुझ्या घरी पहिल्यांदा राहायला येते आहे. चार दिवस नुसती खुर्चीवर बसवलीस तर ती पाहुणी म्हणून येईल आणि पाहुणी म्हणूनच जाईल. तिला एक ओटा मोकळा करून दे, डबे कुठे आहेत ते दाखव आणि स्वयंपाकघरातून बाहेर जा.

फिरण्याचा कार्यक्रम एकच ठेव. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर असं तीन दिवसांत उरकायचा तुझा बेत वाचला. मांडवगडही त्यात नाही घातलंस एवढंच. महेश्वरला जा, नव्वदेक किलोमीटर आहे, एका दिवसात होतं, आणि अहिल्याबाईंचा घाट तुझ्या बाबांना फार आवडेल. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. आजीसाठी वरच्या वाड्याच्या अंगणात बसायची सोय बघून ठेव. बाकीचे दिवस घरी राहू दे. भाच्याला रांगोळी काढायला दारापुढचा ओटला दे, भाऊजींना किल्ला करायला विटा-माती दे. आणि कचऱ्याच्या ओल्या-सुक्या बादल्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखव, नाही तर सकाळी गाडीवाला परत करेल.

सगळं एकदम होणार नाही. हौद, गच्ची, न्हाणीघर आणि रजया एवढं दसऱ्यापर्यंत कर. हॉलचा रंग त्यानंतरच्या आठवड्यात, भिंत कोरडी निघाली तर. नाही निघाली तर चुना. ज्या दिवशी गच्चीवर पाणी भरशील त्या दिवशी सकाळी मला फोन कर. मी बॅटरी घेऊन येतो, छत आपण दोघं मिळून पाहू. न्हाणीतला बारही तेव्हाच तपासू. येताना काकूनं तुझ्यासाठी काढून ठेवलेलं मोठं पातेलं आणतो.

सूनबाईला आशीर्वाद.

तुझा,
काका