मैत्रिणीला बायबलचं वचन देण्याआधी

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

मैत्रिणीला पाठवायचा मेसेज तू आधी मला दाखवलास, बरं केलंस. तुझी तळमळ कळते, पण तो इतक्यात पाठवू नकोस. नोकरी गेलेली, घरात रोजची भांडणं, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. अशा वेळी एकदम बायबलमधली चार वचनं आणि शेवटी 'विश्वास ठेव' हे तिला जड जाईल. रोमकरांस पत्रातलं 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांच्या कल्याणासाठी सगळ्या गोष्टी मिळून कार्य करतात, हे माझंही आवडतं वचन आहे. पण ते दुःखातून गेलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं. दुसऱ्याने ऐकवलं, की त्याला 'आता रडणं पुरे' एवढंच ऐकू येतं.

बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय पुन्हा वाच. कर्मेल डोंगरावर देवाचं एवढं मोठं कार्य पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो. देवदूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन. 'ऊठ, खा,' एवढंच बोलतो. एलीया खातो आणि पुन्हा आडवा होतो, तरी त्याला कोणी रागावत नाही. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो; पुढची वाट त्याला झेपणारी नाही हेही मान्य करतो. 'तुझा विश्वास कुठे गेला?' असं कोणी विचारत नाही. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न येतो तो नंतर, होरेब डोंगराच्या गुहेत. आणि उत्तर देव ऐकून घेतो.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही 7 दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. नंतर 'हे तुझ्याच पापाचं फळ' असं ते जे बोलले, त्यातलं बरंचसं आपण प्रार्थनासभेत सहज बोलून जातो, याची मला फार धास्ती वाटते.

तेव्हा आधी तिच्याकडे जा. जेवली का, विचार. अडलेलं एखादं काम उरकून दे. ती बोलत असताना मध्येच आपली साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, सुरू करू नकोस. मग कधीतरी विचार, 'तुझं नाव मी रोज प्रार्थनेत घेते. आत्ता तुझ्यासोबत केली तर चालेल?' हो म्हणाली तर दोन-तीन वाक्यांत, साध्या शब्दांत कर. 'प्रभू, हिला तिची चूक कळू दे' असला उपदेश प्रार्थनेच्या आडून नको. नको म्हणाली तर विषय तिथेच सोड, येणं-जाणं मात्र सोडू नकोस. ती आपल्या विश्वासातली नाही, म्हणून तर जास्तच जप. तिची अडचण ही तिला मंडळीत आणायची संधी नव्हे. तिने आपणहून विचारलं तर प्रेषित पेत्र आपल्या पत्रात सांगतो तसं सौम्यतेने आणि आदराने उत्तर दे.

वचन द्यावंसंच वाटलं तर बायबलमधलं स्तोत्र 13 दे. 'हे परमेश्वरा, किती वेळ?' असं देवाला विचारायची मुभा आहे, हे तिला कळू दे.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकायची नाही. जगण्यात अर्थ नाही असं ती म्हणू लागली, तर 'जीव द्यायचे विचार येतात का?' हे सरळ विचार. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस, घरच्या विश्वासू माणसाला सांग आणि लगेच डॉक्टरकडे ने. कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला असलास तरी. गोळ्या घेतल्या म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोणी तिला म्हणालं तर ते साफ चूक आहे, हेही तूच तिला सांग. अशा वेळी मला फोन कर, कितीही रात्र झालेली असो.

तुझी,
मावशी