नारळी पौर्णिमेचा वर्ग आखताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नारळी पौर्णिमेच्या वर्गाचा तुझा आराखडा वाचला. मत्स्यासन, मकरासन, कूर्मासन, नौकासन... समुद्राशी नातं सांगणारं जे जे आसन सापडलं, ते तू एका तासात बसवलंस. मेहनत दिसते. पण नावं जुळली म्हणून वर्गाला विषय मिळत नाही. विषय हाती आला की काय सोडायचं ते कळायला लागतं, आणि तुझ्या आराखड्यात अजून काहीच सुटलेलं नाही.

आधी शाळेच्या त्या हॉलमध्ये कोण येणार ते बघ. तुझ्याकडच्या निम्म्या बायका हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेऊन विकणाऱ्या. पूर्वी होड्या नारळी पौर्णिमेलाच पाण्यात जायच्या, आता मासेमारीवरची सरकारी पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. म्हणजे पौर्णिमेच्या सुमाराला टोपल्या पुन्हा डोक्यावर आलेल्या असतात, आणि विकायला बसलं की पाठ पुढे वाकलेली. बाकीच्या लावणी उरकून बेणणीला लागलेल्या, त्यांची कंबर तर जूनपासून सरळ झालेली नाही. अशांना कूर्मासन कशाला द्यायचं? दिवसभर वाकून झाल्यावर आणखी खोल वाकायचं? ते काढ. मत्स्यासनात मान मागे टाकून टाळू जमिनीला लावायची असते. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या मानेला ते मी देत नाही. छाती उघडायचीच असेल, तर चादरीची गुंडाळी पाठीखाली आडवी, डोकं टेकलेलं, हात बाजूला पसरलेले. तेवढं पुरतं.

उरलं नौकासन, बसून पाय आणि पाठ उचलून होडीचा आकार घ्यायचा ते. विषय होडीचाच ठेव, पूजेचा नको. तुझ्या वर्गात मुसलमान बायकाही येतात. होडी त्यांच्याही घरची आहे. आणि नारळ कसा सोडतात हे कोळणींना आपण काय सांगायचं?

आता तास शेवटाकडून लिहीत ये. ६० मिनिटांतली शेवटची १० शवासनाची. वेळ कमी पडला तरी ती कापायची नाहीत. त्याआधी मकरासन, पालथं झोपून, कपाळ हातांवर. त्याच्या आधी सेतुबंधासन, पाठीवर झोपून, पावलं टेकवून कंबर उचलायची. नौकासन साधारण चाळिसाव्या मिनिटाला येईल. तिथवर शरीर काय शिकलेलं हवं, हे स्वतःला विचार. पाठ लांब ठेवून पोटाला काम करता आलं पाहिजे, आणि श्वास न कोंडता ताण धरता आला पाहिजे. म्हणून सुरुवातीला मार्जारासन, हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली; मग ताडासन, ताठ उभं राहून; मग उत्तानपादासन, पाठीवर झोपून एकेक पाय उचलत. नौकासनही आधी गुडघे वाकवून, हातांनी मांड्या मागून धरून. पाय सरळ झालेच पाहिजेत असा हट्ट कुणाकडे धरू नकोस. तोल आला की आसन झालं. श्रावणात फरशी ओल धरते, मॅट सरकते, म्हणून पाय फाकवून उभं राहण्याची आसनं त्या दिवशी घेऊच नकोस.

नौकासनात सगळ्यांचा श्वास अडकतो. तू स्वतः आकडे मोजण्याऐवजी त्यांनाच मोठ्याने मोजायला लाव. आवाज निघतोय तोवर श्वास कोंडलेला नाही. पाचापर्यंत मोजलं की खाली, पुन्हा वर. योगसूत्रांत ‘स्थिरसुखमासनम्’च्या लगेच पुढचं सूत्र प्रयत्न सैल करण्याबद्दल आहे. सलग जोर काढून ते साधत नाही, म्हणून मी थोडा वेळ धरून पुन्हा सोडायला सांगते.

बोलणं फार कमी ठेव. सुरुवातीला दोन वाक्यं, नौकासनाआधी एक, शवासनात एकही नाही. आपण जमवलेली सुंदर वाक्यं सांगायचा मोह तिथेच होतो, कारण सगळे गप्प पडलेले असतात. पण तो वेळ त्यांचा आहे. दिवसभरात त्यांना कुणी इतका वेळ गप्प पडू देत नाही.

वर्गाआधी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचार: दिवस गेलेत का, हर्निया आहे का, पोटाचं ऑपरेशन अलीकडे झालंय का. त्यांना नौकासन नाही. पण त्यांना नुसतं बसवून ठेवू नकोस. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, पावलं टेकलेली, आणि बाकीच्यांबरोबर त्यांनीही आकडे मोजायचे. पाचव्या महिन्यापुढच्या कुणी असतील तर त्यांना कुशीवर झोपव, मकरासनही त्यांना द्यायचं नाही.

नवा आराखडा आठवडाभरात पाठव. जे काढशील त्याच्या बाजूला का काढलंस ते एका ओळीत लिही. मला तेच आधी वाचायचं आहे.

तुझी,
ताई