गोड खात नाहीत, बारीक आहेत, तरी शुगर कशी?

प्रश्न : माझे मिस्टर ४३ वर्षांचे, वजन ६१ किलो, दिसायला एकदम सडपातळ. चहा बिनसाखरेचा, गणपतीत मोदकसुद्धा एखादाच. कंपनीच्या चेकअपमध्ये उपाशीपोटी शुगर १५२ आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ७.४ आलं. दीर म्हणतात लॅबची चूक, सासूबाई म्हणतात टेन्शनने झालं. बारीक माणसाला डायबेटिस होतो का हो?
– एक वाचक, कराड

उत्तर : होतो ताई, आणि आपल्याकडे भरपूर जणांना होतो. टेस्ट हवी तर एकदा रिपीट करा, पण उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आणि एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस, आणि यांचे दोन्ही आकडे त्याच्या बरेच वर आहेत, त्यामुळे लॅबशी भांडण्यात वेळ घालवू नका.

आधी गोडाचं बघू. भात, पोळी, पोहे, साबुदाणा, काहीही खा, त्यातल्या स्टार्चचं शेवटी ग्लुकोजच होतं. ते रक्तात आलं की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायूंना सांगतं साखर आत घ्या, आणि लिव्हरला सांगतं तू आता साखर सोडणं थांबव. हे दुसरं काम लोकांना माहीतच नसतं, पण अर्धी गडबड तिथेच होते.

जास्तीचं खाल्लेलं शरीर चरबी म्हणून साठवतं, आणि त्याची सगळ्यात सेफ जागा म्हणजे कातडीखाली, मांड्यांवर, कमरेखाली. ही समजा घरातली कणगी. काहींची कणगी मोठी असते, ते जाड दिसतात पण शुगर नॉर्मल. आपल्यापैकी अनेकांची लहानच असते, ती लवकर भरते आणि मग चरबी पोटात, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात जाऊन बसते, वजनकाट्यावर काहीच दिसत नाही. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि पोट भरलेलं असतानाही रक्तात साखर ओतत राहतं. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन बनवतं. अशी कित्येक वर्षं जातात, रिपोर्ट नॉर्मल येत राहतो कारण आपण शुगर मोजतो, तिच्यासाठी किती इन्सुलिन खर्च होतंय ते कोणी मोजत नाही. शेवटी बीटा पेशी थकतात आणि मग आकडा वर जातो. यूकेपीडीएस नावाच्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासातून असा अंदाज निघाला की निदान होतं तेव्हा बीटा पेशींची साधारण अर्धी ताकद गेलेली असते. म्हणजे मिस्टरांचा डायबेटिस चेकअपच्या दिवशी सुरू झालेला नाही, तो बराच जुना असणार.

यात पुण्याचं नाव जगात घेतलं जातं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतली बाळं मोजली तर सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी, पण पाठीवरची चरबी त्यामानाने टिकून, कमी होते ते स्नायू वगैरे. म्हणजे ही ठेवण पोटात असतानाच सुरू होते, आईला गरोदरपणात काय आणि किती खायला मिळालं याचा त्यात हात असतो. (आता यावरून सासूबाईंना बोलू नका, त्यांच्या ताटात काय पडायचं ते त्यांच्या हातात थोडीच होतं.)

टेन्शनचं म्हणाल तर कॉर्टिसॉल हे टेन्शनचं हार्मोन वाढून शुगर वाढते हे खरंय, झोप कमी असेल तर आणखी. पण एकट्या टेन्शनने असा डायबेटिस सहसा होत नाही, जमीन आधी तयार लागते.

करायचं काय? वजनकाट्याचा आकडा बाजूला ठेवा, कंबर मोजा, पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या वर नको. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डायबेटिस संशोधक रॉय टेलर यांनी २७ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या २० डायबेटिकांचं वजन थोडंसं उतरवलं तर १४ जणांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली आली. लहान अभ्यास आहे, पण बारीक माणसालासुद्धा लिव्हरमधली चरबी काढून फायदा होतो एवढं त्यातून दिसतं. मात्र हे मनाने उपास करून करायचं नाही, आणि नुसतं चालणं पुरत नाही, स्नायू वाढवणारा व्यायाम हवा, कारण जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त तेच ओढतात. आणि हो, बारीक माणसात डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी) आणि अँटिबॉडी टेस्टबद्दल जरूर विचारा, कधीकधी शरीर स्वतःच बीटा पेशी मारत असतं, तो प्रकार वेगळा आणि औषधही वेगळं. काही न करता वजन उतरत असेल तर हे लगेच विचारा.

प्रश्न : रात्री नुसतं सूप पितो तरी सकाळची शुगर झोपतानापेक्षा जास्त. मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुतेक मशीन ठीक आहे. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वाढतात आणि लिव्हर साखर सोडतं, सगळ्यांचंच. ज्यांचं इन्सुलिन पुरतं त्यांना कळतही नाही, तुमचं कमी पडतं म्हणून आकडा चढतो. सूप कमी करून काही होणार नाही. आठवडाभर झोपताना आणि उठल्यावरचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळीची वेळ किंवा डोस ते बदलतील.