ताण आला की आधी शरीराकडे बघा

ताण येतो म्हणजे तुमच्यात काही बिघाड आहे असं नाही, हे आधी मनातून काढून टाका. धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स रक्तात सोडतात. छाती धडधडते, स्नायू आवळतात, पोटात गोळा येतो. साहेबांचा मेसेज आणि अंगावर धावून येणारा कुत्रा, यांत शरीर फारसा फरक करत नाही, हीच खरी गोची.

म्हणून अशा वेळी स्वतःला 'शांत हो' असं बजावत बसू नका, त्याने उलट चिडचिडच वाढते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. 4 मोजत घ्या, 6 मोजत सोडा, असं पाचेक मिनिटं. उच्छ्वास लांबला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. गरगरल्यासारखं वाटलं तर थांबा.

विचारांचं नंतर. काय खुपतंय ते कागदावर लिहा, त्यातलं आपल्या हातातलं एकच काम आज उरका. संध्याकाळची कॉफी सोडा. कॅफिन कित्येक तास रक्तात रेंगाळतं.

झोप उडणं, भूक मरणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखलं, तर 'ताणच असेल' असं घरबसल्या ठरवू नका.