आधी काउंटर, मग राउटर

प्रश्न : ताई, आमची पतसंस्था नागपूरच्या गांधीबागेत आहे. शाखा अकरा, आणि आयटी बघणारा मी एकटा. प्रत्येक शाखेतून मुख्य कार्यालयाला एमपीएलएसची, म्हणजे कंपनीकडून भाड्याने घेतलेली खासगी लाइन येते आणि तिथून एक जाड लाइन मुंबईच्या डेटा सेंटरला जाते. करार ३१ मार्चला संपतो. संचालकांचं म्हणणं, लाइनी महाग पडतात, शाखेत दोन-दोन ब्रॉडबँड घ्या आणि एसडी-वॅन करा, म्हणजे एक पेटी साध्या इंटरनेट लाइनींमधून आपलं खासगी जाळं चालवेल. एक सल्लागार म्हणतात, आधी एंटरप्राइज आर्किटेक्चरचं मॉडेल करा, म्हणजे संस्थेची कामं, सॉफ्टवेअर आणि यंत्रं एकमेकांवर कशी टेकली आहेत त्याचा नकाशा. त्यांनी दाखवलेला नमुना १४० पानांचा आहे. आणि अध्यक्ष विचारतात, ‘बदलून नेमकं किती बरं होणार, ते आकड्यात सांगा.’ सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, गांधीबाग

उत्तर : सुरुवात कॅलेंडरपासून करा. ३१ मार्चला तुमची वर्षअखेर. त्या आठवड्यात राउटरला हात लावणारा माणूस एकतर फार धाडसी असतो किंवा नवीन असतो. आजच कंपनीला पत्र टाका आणि जुन्या लाइनी एप्रिलअखेरपर्यंत मागून घ्या. महिनाभराचं भाडं जास्त जाईल, जाऊ द्या.

आता मॉडेल. सल्लागार चुकीचं सांगत नाहीत, फक्त १४० पानांची गरज तुम्हाला नाही. यात चिन्हांची जी भाषा वापरतात तिचं नाव आर्किमेट. ती नेदरलँड्समध्ये २००२ ते २००४ दरम्यान तयार झाली आणि २००९ पासून द ओपन ग्रुप ही संस्था तिचं मानक काढते. तिच्यात घेण्यासारखी गोष्ट एकच, तीन थर. वर माणसांचं काम, मध्ये सॉफ्टवेअर, खाली यंत्रं आणि तारा. आपण तारवाले लोक खालून वर काढत जातो आणि वरच्या थरापर्यंत पोचायच्या आत कंटाळतो. तुम्ही वरून खाली या. आर्की नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते पुरे. पण पहिला आठवडा कागद-पेन्सिलच ठेवा.

एका शाखेत काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल टाकून दिवसभर बसा आणि काय काय चालतं ते लिहा. हप्ता भरणं, पासबुक छापणं, सोनेतारणाच्या दागिन्यांचे फोटो चढवणं, संध्याकाळी पिग्मी एजंटांची मशिनं रिकामी करणं. प्रत्येक कामाखाली ते कुठल्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते सॉफ्टवेअर कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिथवर जाताना वाटेत कुठली पेटी, कुठली तार लागते, हे लिहीत जा. मग आडव्या ओळीत कामं आणि उभ्या रकान्यात यंत्रं घेऊन फुल्या मारा. ज्या रकान्यात फुल्यांची गर्दी, ते तुमचं नाजूक ठिकाण. माझा अंदाज, तो रकाना मुख्य कार्यालयातल्या राउटरचा निघेल, कारण अकराच्या अकरा शाखा त्याच्याच दारातून मुंबईला जातात. अध्यक्षांना दाखवायचा पहिला आकडा हाच : ही एक पेटी बंद पडली तर किती शाखांची किती कामं थांबतात, आणि नव्या रचनेत किती थांबतील.

स्टुलावर बसायला सांगते त्याला कारण आहे. कळमन्यातल्या एका व्यापाऱ्याकडे मी रविवारी नेटवर्कचा स्विच, म्हणजे कॉम्प्युटरच्या तारा एकत्र जोडणारी पेटी, बदलायला गेले होते. नकाशा माझाच, सुबक, रंगीत. एका कपाटामागे आठ पोर्टांचा धूळ खाल्लेला स्विच सापडला, नकाशात नव्हता, म्हणून काढून टाकला. सोमवारी पहाटे संत्र्याच्या गाड्या वजनकाट्यावर उभ्या आणि काट्याची पावती निघेना. तो स्विच काट्याच्या कॉम्प्युटरचा होता. हे त्या पेढीत कोणाला ठाऊक होतं? चहा आणणाऱ्या पोऱ्याला. तो रोज तिथे कप ठेवायचा. ‘ते बटन बंद नाही करत मॅडम, काटा बंद होऊन जाते,’ तो म्हणाला. माझ्या नकाशाला हे ठाऊक नव्हतं.

आता अध्यक्षांच्या ‘किती बरं’कडे. ‘९९.९ टक्के’ हा आकडा करारात ऐटीत छापलेला असतो. वर्षाचे ८७६० तास, त्यातला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास बंद. पण तो आकडा एका लाइनचा. शाखेतल्या पासबुकाला शाखेचा स्विच, शाखेचा राउटर, शाखेची लाइन, मुख्य कार्यालयाचा राउटर आणि मुंबईची लाइन, अशा पाच गोष्टी एकामागून एक चालू लागतात. पाचही ९९.९ च्या धरल्या तरी गुणाकार ९९.५ टक्के येतो. म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास. साखळीचा असा गुणाकार करून न दाखवता जो ‘तीन नऊ’ विकतो, त्याला चहा पाजून परत पाठवावं.

नव्या रचनेत शाखा थेट डेटा सेंटरला जाईल. (डेटा सेंटरचं टोक दोन्हीकडे सारखंच, म्हणून हिशेबातून सोडलं.) ब्रॉडबँड फक्त ९९ टक्के धरा, म्हणजे एकेक लाइन वर्षात ८७ तासांहून जास्त बंद. पण दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे वर्षाला ५३ मिनिटं. त्यात स्विच आणि एसडी-वॅनची पेटी धरली की एकूण साधारण १८ तास होतात. चव्वेचाळीसचे अठरा. आता त्या अठरांच्या आत डोकावा. लाइनींचा वाटा तासभरसुद्धा नाही, साडेसतरा तास त्या दोन पेट्यांचे आहेत. म्हणून कोणी तिसरी लाइन विकायला आलं तर घेऊ नका. त्या पैशात एक स्विच आणि एक पेटी जास्तीची घेऊन कॉन्फिगरेशन भरून कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते दारावर लिहा. इथे मी टक्के समजण्यापुरते घेतलेत. तुमच्या तक्रार वहीत मागच्या वर्षीच्या बंद पडल्याच्या वेळा असतील, त्या घाला.

या गणितात एक खोट आहे. दोन लाइनी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच शंभरावा हिस्सा खरा. नोकरीत असताना एका ग्राहकाला मी स्वतः दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबली घ्यायला लावल्या. दोन करार, दोन बिलं, सगळं चोख. ऐन पावसाळ्यात नाग नदीच्या एका पुलापाशी जेसीबी लागला आणि दोन्ही एकदम गेल्या. मी छत्री धरून काठावर उभी, आणि खड्ड्यात उतरलेला लाइनमन वर बघून म्हणतो, ‘मॅडम, पाइप तर एकच दिसून राहिला.’ दोघांच्या केबली शेवटचे दोनशे मीटर एकाच पाइपातून जात होत्या. माझ्या नकाशात दोन सरळ रेघा होत्या, कारण मी कंपन्या काढल्या होत्या, जमीन काढली नव्हती. नागपुरात सिमेंट रस्त्यांसाठी किती खोदलं गेलं ते तुम्हीही बघितलंय. तेव्हा प्रत्येक शाखेच्या दोन्ही तारा खांबापासून दारापर्यंत पायी चालत बघा. एकाच खांबावरून येत असतील तर मॉडेलमध्ये एक चौकोन काढून त्यात ‘खांब’ लिहा आणि दोन्ही रेघा त्यातून न्या. आर्किमेटच्या नियमाप्रमाणे त्याला कुठली खूण, यावर डोकं शिणवू नका. तशा शाखेत दुसरी लाइन मोबाइल सिमवर घ्या. आणि विजेची रेघ विसरू नका. लाइनी दोन आणि यूपीएस एक, तोही मे महिन्यातल्या बंद खोलीत, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. ४५ अंशांत शिजलेली बॅटरी तीन तासांच्या गोष्टी सांगते आणि वीस मिनिटांत मान टाकते.

वेगाचं मोजमाप आज सुरू करा, बदल झाल्यावर नको. ‘आधी बरं होतं’ म्हणणारा एक शाखा व्यवस्थापक असतोच आणि तुमच्या हातात आधीचा आकडा नसेल तर तोच खरा ठरतो. निदान एक पूर्ण महिना मोजा, म्हणजे महिन्याची पहिली तारीखही येईल आणि शेवटचीही. सरासरी काढू नका. लाइन किती भरली याची दिवसाची सरासरी बारा टक्के दिसते आणि संध्याकाळी सातला पिग्मीवाले एकदम आले की तीच लाइन तुंबते. दर पाच मिनिटांची नोंद ठेवली तर तीस दिवसांच्या ८६४० नोंदी होतात. त्या चढत्या क्रमाने लावून ९५ टक्के नोंदी ज्याच्या खाली येतात तो आकडा बघा. तो ७० च्या पुढे असेल तर क्षमता वाढवा, कारण रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. साध्या सूत्राने लाइन अर्धी भरली असता लागणारा वेळ रिकाम्या लाइनच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट. सीताबर्डीत दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी स्कूटर काढून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

पिंगची, म्हणजे निरोप जाऊन परत यायची, वेळही लिहून ठेवा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई रेल्वेने साधारण ८४० किलोमीटर, म्हणजे त्या वाटेने जाऊन येऊन साधारण साडेआठ मिलिसेकंद लागणारच. तार वळणं घेते, वाटेत यंत्रं असतात, म्हणून वीस-पंचवीस दिसले तरी तक्रार नाही. सत्तर-ऐंशी दिसले तर डेटाचा रस्ता दाखवणारी ट्रेसरूट ही आज्ञा चालवा, तुमचा डेटा बहुधा दुसऱ्याच शहरात फेरी मारून येत असेल. ब्रॉडबँडवर हा प्रकार होतो, म्हणून करार करण्याआधी पंधरा दिवस चाचणीला लाइन मागा.

एक चित्र लोक काढतच नाहीत, मधल्या काळाचं. आजचं काढतात, उद्याचं काढतात. आर्किमेटमध्ये अशा प्रत्येक टप्प्याला प्लॅटो म्हणतात आणि मधला टप्पाही काढायला सांगतात. पाच शाखा नव्या रस्त्याने, सहा जुन्याने, असं तुमचं दोन-तीन आठवडे चालेल. तेव्हा नव्या शाखेतून जुन्या शाखेला जाणारी गोष्ट कुठून जाईल? मुख्य कार्यालयात हजेरीच्या मशीनचा सर्व्हर असेल तर तो कोणाला दिसेल? सगळ्यात जास्त फोन याच दिवसांत येतात. ते चित्र भिंतीवर लावा. प्रत्येक शाखेपुढे परतीचा रस्ता लिहा : कुठली तार परत कुठे लावायची, किती मिनिटांत आणि तो निर्णय कोण घेणार.

पहिली शाखा कुठली? लहानात लहान घ्या, असं पुस्तकी उत्तर मिळेल. मी म्हणेन, जिथला व्यवस्थापक फोन उचलतो ती. आणि रविवार टाळा. रविवारी तुम्ही मोकळे असता, पण कंपनीचा माणूसही मोकळाच असतो. मंगळवारी पिग्मीचं काम आटोपलं की लागा, म्हणजे बुधवारी सकाळी सगळे जागेवर असतील.

अध्यक्षांना एकच पान द्या. त्यावर फुल्यांचा तक्ता, ४४ आणि १८ च्या जागी तुमचे खरे तास, आणि ज्या शाखांच्या दोन्ही तारा एकाच खांबावरून येतात त्यांची संख्या. तिसरा आकडा लाजिरवाणा असतो, म्हणून तोच आधी वाचला जातो.

प्रश्न : आमच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात आर्किटेक्चरचं महागडं सॉफ्टवेअर आहे. मॉडेल दोन वर्षांपूर्वीचं. त्यावर विश्वास किती ठेवायचा, आणि ते ताजं कोणी ठेवायचं? आणि जुन्या, कोणाच्याच नसलेल्या जोडण्यांचं काय करायचं?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : विश्वास किती, हे मोजता येतं. डोळे मिटून वीस जोडण्या निवडा, मॉडेलचा प्रिंट घेऊन शेडमध्ये जा आणि तार हाताने धरून तपासा. वीसपैकी सतरा जुळल्या तर वापरा, अकरा जुळल्या तर त्यावरून कुठलाही बदल ठरवू नका. दर तिमाहीला हेच करा आणि तो आकडा मॉडेलच्या कोपऱ्यात तारखेसह लिहा.

ताजं ठेवायचं तर आधी हलकं करा. आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक मॉडेलमध्ये कोणी भरले? ते आठवड्याला बदलतात. स्विच एलएलडीपी नावाच्या प्रोटोकॉलवर शेजारच्या यंत्राची ओळख स्वतः सांगतात, ते यंत्राला गोळा करू द्या. मॉडेलमध्ये फक्त कुठलं काम कशावर टेकलंय तेवढं राहू द्या, कारण ते कुठलाच स्विच सांगत नाही. आणि बदलाचा फॉर्म बंद करताना ‘मॉडेलमधली कुठली रेघ बदलली’ हा रकाना रिकामा असेल तर सही करू नका. पहिले दोन महिने शिव्या खाव्या लागतील.

जुन्या, कोणाच्याच नसलेल्या जोडण्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत. वर्षातून एक दिवस तसाच ठेवा. पण मालक न सापडलेली तार आधी नुसती काढून तिथेच लटकत ठेवा, चिठ्ठी बांधून, महिनाभर. कापायची नंतर.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. टोगॅफचं, म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या पद्धतीचं, प्रमाणपत्र आधी करू की नेटवर्किंगचं?
– एक विद्यार्थिनी, वर्धा रोड

उत्तर : नेटवर्किंगचं. टोगॅफ १९९५ पासून आहे, आणखी चार वर्षांनीही असेल. तोवर क्रिंपिंग, म्हणजे केबलला टोक बसवणं, शिक, आणि एखाद्या दुकानदाराचं जाळं त्याच्याशेजारी बसून कागदावर काढ. काढलंस की त्या कागदाचा फोटो मला पाठव, कपाटामागचं काय राहिलं ते विचारीन.