सूज घोट्याला, मग वरच्या धडधाकट त्वचेलाही स्पर्श का सोसवत नाही?

तुम्ही लिहिलंय की घोटा सुजलाय, पण सुजेच्या चार बोटं वर, जिथे काहीच लागलेलं नाही, तिथेही चादर घासली तरी कळ येते. आणि घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. नाहीत हो. मी मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो: बदल मज्जारज्जूत झालाय आणि तो मोजता येतो. वेदनेवर संशोधन करणारे क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 सालीच उंदरांवर प्रयोग करून तो दाखवला होता.

सुजलेल्या जागेतले वेदनातंतू सतत संदेश धाडत राहतात. मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे वेदनेचे संदेश जिथे येऊन पोचतात त्या मागच्या भागात, त्यांच्या टोकांतून ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही संदेशवाहक रसायनं पाझरतात. तिथल्या पेशींवर ग्लुटामेटचा संदेश पकडणारं एनएमडीए ग्राही नावाचं प्रथिन असतं; त्याच्या तोंडात एरवी मॅग्नेशिअमचं बूच बसलेलं असतं. मारा थांबेनासा झाला की बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं, आतली एन्झाइम्स जागी होतात आणि ग्राहींना फॉस्फेट चिकटवून त्यांना हळवं करतात. मग शेजारच्या त्वचेकडून येणारा, एरवी विरून जाणारा संदेशही त्या पेशीला पेटवायला पुरतो.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो या पेशींना एरवी आवरून धरणारा ब्रेक. मज्जारज्जूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की शिंगाच्या टोकाशी एक अर्धपारदर्शक पट्टा दिसतो. त्यातल्या पेशीला काचेची सुई लावून ग्लायसिन हे पेशीला शांत करणारं रसायन सोडलं, की क्लोराइडचा प्रवाह संगणकाच्या पडद्यावर ठसठशीत खोल उतरतो. हाच तो ब्रेक. आता प्रोस्टाग्लँडिन ई2 हे दाहात तयार होणारं रसायन घाला: पुष्कळ पेशींत तोच प्रवाह डोळ्यांदेखत उथळ होतो. शरीरात दाह झाला की इंटरल्यूकिन-1 बीटा या दाहाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर मज्जारज्जूत काही तासांतच कॉक्स-2 हे एन्झाइम वाढतं, आणि ते हेच प्रोस्टाग्लँडिन बनवतं. हे प्रोस्टाग्लँडिन ग्लायसिनच्या अल्फा-3 ग्राहीला मंदावतं. ब्रेक सैल झाला की साधा स्पर्शही वेदनेच्या वाटेला लागतो.

म्हणूनच कॉक्सला रोखणारी आयबुप्रोफेनसारखी औषधं फक्त घोट्यावर नाही, काही अंशी मज्जारज्जूतही काम करतात.

सूज उतरली की हे हळवेपण बहुतेकदा ओसरतं. सूज जाऊनही आठवडेच्या आठवडे स्पर्श सोसवत नसेल, तर डॉक्टरांना 'दुखतंय' एवढंच सांगू नका. कापड लागलं तरी दुखतं आणि नेमकं कुठवर दुखतं, तेही सांगा. त्यावरून उपचार बदलू शकतात.