कोरड्या, डोंगराळ मुलखातून एकटीने सायकलवर लांबचा प्रवास करताना दिवस कसा जातो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दुष्काळी भागातून एकटीने सायकलवर जाताना दिवस नेमका कसा जातो, किती किलोमीटर होतात आणि भीती वाटत नाही का. गेली काही वर्षं मी असे प्रवास करतेय. त्यातला एकच दिवस सांगते, फलटण ते म्हसवड, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. मोगराळे घाट, दहिवडी, गोंदवले या वाटेने अंतर ७० किलोमीटरच्या आसपास. सपाटीवर एवढं अंतर मी दुपारच्या जेवणाआधी उरकते. माणदेशात अख्खा दिवस लागला.

आधी पाण्याचं सांगते, कारण या भागात दिवसाची आखणी पाण्यावरच होते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, तिथं ५०० मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री ढग रिकामे करून घेतो आणि उरलंसुरलं माणला मिळतं. त्यामुळे निघण्याआधी मी कागदावर गावं लिहिते ती पाणी मिळेल अशी. चढाला आणि उन्हात तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. सायकलला दोन बाटल्या आणि मागच्या बॅगेत दोन लिटरची एक पिशवी, असं साडेतीन लिटर घेऊन मी निघते. हे साडेतीन किलो घाटात चांगलेच जाणवतात, तरी कमी करू नका.

पहाटे साडेपाचला फलटण सोडलं. तिथं नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी खेळतं, ऊस आहे, त्यामुळे अंधारात गारवा अंगाला लागतो. दुधेबावीपर्यंत तो गारवा सुटतो. ओल्या चिखलाचा वास जाऊन वाळल्या गवताचा येतो. उजाडलं तेव्हा घाट समोर होता.

मोगराळे घाट सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांसारखा नाही, पण बारा किलो सामान लादून चढताना तो पुरेसा आहे. सर्वात हलका गिअर टाकायचा, खोगिरावर बसून राहायचं आणि दोन शब्द बोलता येतील एवढाच जोर लावायचा. ताशी सहा-सात किलोमीटर वेग पडला तरी पडू द्यावा. सुरुवातीला मी उभं राहून पायडल मारायचे आणि वर पोचेपर्यंत मांड्या भरून यायच्या, उरलेला दिवस त्यातच जायचा.

वर आलं की शंभू महादेवाचे डोंगर पसरलेले दिसतात, उघडे, पिवळे, सपाट माथ्याचे. उतारांवर गावकऱ्यांनी खणलेले समतल चर ओळीने दिसतात. पावसाचा थेंब तिथंच जिरावा म्हणून काढलेल्या त्या रेघा मला कुठल्याही हिरव्या दरीपेक्षा जास्त बघाव्याशा वाटतात. याच रांगेत शिखर शिंगणापूर आहे. चैत्रात लोक नदीचं पाणी कावडीत भरून किती लांबून आणतात आणि मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून माणसांची साखळी धरून त्या कावडी वर चढवतात. असल्या मुलखात देवाला पाणीच न्यावं असं कुणाला वाटलं असेल, ते साडेतीन लिटर घेऊन चढल्यावर नीट कळतं.

बिजवडीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. चूक माझी होती. सावलीसाठी सायकल रस्त्यावरून ओढत बाभळीखाली नेली होती. टायरमध्ये दोन काटे सापडले. एक बाभळीचा, लांब, पांढरा, सहज उपटला. दुसरा सराट्याचा, तो रबरात मोडून बसलेला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आतून बोट फिरवलं तेव्हा टोचला आणि नखाएवढा रक्ताचा ठिपका आला. हा दुसरा काटा राहून गेला असता तर नवी ट्यूब दहा मिनिटांत गेली असती. म्हणून माळरानात सायकल उचलून न्या, ओढू नका. आणि ट्यूब बदलण्याआधी टायर आतून पूर्ण चाचपा. ट्यूब घेतानाच मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्या, म्हणजे कुठल्याही गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

या भानगडीत तासभर गेला आणि पाणी जास्त प्यायलं गेलं. पुढच्या वस्तीवर थांबले. आजी शाळू ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बांधत होत्या. पाणी मागितलं तर आधी तांब्याभर दिलं, मग विचारलं, "एकलीच का गं?" हो म्हटल्यावर "बस मग जरा" म्हणाल्या. मी एकच बाटली पुढे केली, कारण या भागात उन्हाळ्यात टँकर येतो हे मला ठाऊक होतं. त्यांनी सायकलकडे बघितलं.

"दोन हायत न्हवं? दोन्ही भर की. हिरीला अजून म्हैनाभर पाणी हाय."

म्हैनाभर. त्यानंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घेतल्या.

भीतीबद्दलचं माझं उत्तर बरंचसं याच अंगणात आहे. एकटीला लोक हाक मारतात, बसवतात. चौघांच्या गटात गेले तेव्हा कुणी पेंढी बाजूला सारून जागा केली नव्हती. खरी भीती मला दोनच गोष्टींची. एक, मेंढरांबरोबरचे कुत्रे. ते धावून आले की पळायचं नाही, उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि मेंढपाळाला हाक मारून सावकाश चालत जायचं. दुसरी, बारानंतरचं ऊन. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला किंवा गरगरलं, तर ठरलेलं अंतर विसरून सावलीत बसायचं आणि जवळच्या माणसाला तसं सांगायचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. छोट्या बाटलीत ओतलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. याशिवाय रोज निघताना आणि पोचल्यावर घरी एक फोन, यात मी कधीच सूट घेत नाही.

दहिवडीत चहा, केळी, पुढे लगेच गोंदवले. गोंदवलेकर महाराजांच्या समाधी मंदिरात दुपारी कुणालाही प्रसादाचं जेवण मिळतं. पंगतीत बसले, पोटभर जेवले आणि साडेतीनपर्यंत पडून राहिले. दुपारचे हे तीन तास मी कधी सोडत नाही. लोक विचारतात, एवढा वेळ वाया का घालवता. तेवढ्या झोपेवरच तर संध्याकाळचे वीस किलोमीटर होतात.

ते वीस किलोमीटर फारसे सांगण्यासारखे नाहीत. सोपा रस्ता, अधूनमधून डाळिंबाच्या बागा, तोंडावर वारा. म्हसवडला पोचले तेव्हा सिद्धनाथाच्या मंदिरात दिवे लागले होते. दर्शन घेतलं, खोली घेतली आणि सकाळची ट्यूब बादलीत बुडवून दोन्ही भोकं शोधली, ठिगळं लावली.

सामान आवरताना बघितलं तर वस्तीवर भरलेली दुसरी बाटली अर्धी उरली होती. खोलीतल्या नळाला पाणी होतं. तरी ती बाटली मी ओतली नाही, सकाळी तशीच सायकलला लावली आणि आटपाडीच्या रस्त्याला लागले.